शैक्षणिक प्रत्ययाचा अधिकार

काही वर्षांपूर्वी पीएच.डी.च्या एका मौखिक परीक्षेस उपस्थित राहण्याचा प्रसंग आला. प्रबंध एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांवर होता. एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाने आपल्याकडील जीर्ण अंकांची छायाचित्रे घेऊन ती इंटरनेटवर ठेवली होती आणि उमेदवाराने त्यांचा आधार जागोजागी घेतला होता. बहिःस्थ परीक्षकांनी संदर्भसूचीवर बोट ठेवून विचारले, "या स्थळाच्या नावाअखेरीस ईडीयू नाही, एसीही नाही. मग हा आधार ग्राह्य कसा धरावयाचा?" त्याच सूचीत थोडे खाली एका परदेशी स्थळावरचे, लेखकाचे नावही नसलेले दोन पानी टिपण होते. त्या स्थळाचे नाव ईडीयूने संपत होते, म्हणून त्याविषयी प्रश्न निघाला नाही. उमेदवार गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. कारण ही शेवटची अक्षरे कोणाला, कोणी आणि कशाच्या आधारे दिली जातात हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर पाहता संगणकशास्त्राचा वाटेल, आणि मराठी साहित्याच्या संशोधनपत्रिकेत त्याचे काय काम, असेही कोणी म्हणेल. परंतु कोणता आधार विश्वसनीय मानावा हा साधनचिकित्सेचा प्रश्न आहे आणि साधनचिकित्सा हे आपले नित्याचे काम आहे. शिवाय डोमेन-नावाच्या या अंत्यभागाला मराठीत 'प्रत्यय' हाच शब्द सहज सुचतो. व्याकरणात प्रत्यय शब्दाला लागून त्याचा अर्थ नियत करतो. व्यवहारात प्रत्यय म्हणजे खात्री. ईडीयू या अक्षरांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. नावाला प्रत्यय लागला की वाचकाला प्रत्यय आला, असे आपण धरून चालतो.

डॉट ईडीयू हा वर्ग १९८५ मध्ये अस्तित्वात आला. त्या वर्षी २४ एप्रिल रोजी बर्कली, कार्नेगी मेलन, पर्ड्यू, राइस आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांची नावे त्यात नोंदली गेली. आरंभी हा वर्ग सर्व शैक्षणिक संस्थांसाठी होता. विद्यापीठांप्रमाणेच शाळांनी, संग्रहालयांनी, शैक्षणिक सेवा देणाऱ्या संघांनी आणि अमेरिकेबाहेरच्या काही संस्थांनीही त्यात नावे घेतली. सॅन फ्रान्सिस्को येथील 'एक्स्प्लोरेटोरियम' हे विज्ञान-संग्रहालय आजही याच प्रत्ययाने ओळखले जाते. पुढे जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेल्या, 'आरएफसी १५९१' या क्रमांकाने प्रसिद्ध असलेल्या टिपणात असे नमूद झाले की यापुढील नोंदणी चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेली महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यापुरती मर्यादित करण्याचा निर्णय झाला आहे. शाळांनी आणि दोन वर्षांच्या महाविद्यालयांनी आपापल्या देशाच्या वर्गात नाव घ्यावे.

नावे झपाट्याने वाढत असता कोठेतरी मर्यादा घालणे भाग होते, हे समजू शकते. परंतु मर्यादेची रेषा कोणाच्या अंगणातून गेली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील दोन वर्षांची 'कम्युनिटी कॉलेजे' म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची, कमी खर्चात शिकू पाहणाऱ्यांची, घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्यांची महाविद्यालये. त्यांच्या वाट्याला एक लांबलचक नाव आले: आधी संस्था, मग 'सीसी' ही वर्गदर्शक अक्षरे, मग राज्य आणि शेवटी देश. शेजारच्या विद्यापीठाचे नाव एका शब्दात आटोपत असे. दोन्हीकडे शिकविले जात होतेच. दोन वर्षे शिकविले तर ते शिक्षण नव्हे आणि चार वर्षे शिकविले तर ते शिक्षण होय, असे कोणी उघडपणे म्हटले नसते. पण नावांची व्यवस्था ते रोज म्हणत राहिली, आणि हे २००१ पर्यंत चालले.

२००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी झालेल्या करारानुसार या वर्गाचे व्यवस्थापन 'एज्युकॉज' या उच्चशिक्षणक्षेत्रातील संघटनेकडे आले. कम्युनिटी कॉलेजांना दार उघडले गेले. २००३ मध्ये पात्रतेची कक्षा आणखी रुंदावली: अमेरिकन शिक्षण खात्याच्या यादीतील अधिस्वीकृती-संस्थांची मान्यता असलेल्या उच्चशिक्षण संस्था पात्र ठरल्या. त्याचबरोबर एक नियम असा झाला की २९ ऑक्टोबर २००१ पूर्वी ज्यांनी नाव घेतले होते त्यांनी ते, नव्या कसोटीस उतरत नसले तरीही, ठेवावे.

आपल्या इतिहासाच्या अभ्यासकाला येथे मिरासदार आणि उपरी हे शब्द आठवल्याविना राहणार नाहीत. दोघेही जमीन कसतात. एकाचा हक्क पिढीजात, तो सहसा हलविता येत नाही; दुसरा नंतर आलेला, म्हणून त्याचे सारे अनिश्चित. कोण चांगली शेती करतो हा प्रश्न तेथे गौण असे. डॉट ईडीयूमध्येही २९ ऑक्टोबर २००१ या दिवसाने असेच दोन वर्ग पाडले. बार्सिलोना विद्यापीठ आणि त्याच शहरातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठ यांची नावे ईडीयूने संपतात. भारतात हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, मणिपाल आणि अमृता ही विद्यापीठे, पुण्याची विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांची नावे तशी आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे नावही दीर्घकाळ तसेच होते. या संस्थांनी काही गैर केले असे नाही. दार उघडे असताना त्या आत गेल्या. परंतु १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आज तेच नाव मागावयास गेले तर ते मिळणार नाही, कारण त्याची मान्यता अमेरिकन यादीतील संस्थेची नाही. याबद्दल खंत बाळगावी असे मला वाटत नाही. मुंबई विद्यापीठाला त्या अक्षरांची गरज नाही. अडचण आहे ती वेगळीच. प्रत्यय एका देशाच्या कसोटीने दिला जातो, पण तो वाचला जातो साऱ्या जगात, आणि वाचणाऱ्याला त्यात 'अमेरिकन' असा शब्द कोठेही दिसत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण 'अकॅडेमिया डॉट ईडीयू'चे. आपल्यापैकी बहुतेकांना त्या स्थळाची पत्रे येत असतात: कोणी तरी तुमचा लेख वाचला, कोणी तरी तुमचा उल्लेख केला. हे विद्यापीठ नाही, विद्वत्सभाही नाही. ती नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. हे नाव १९९९ मध्ये नोंदले गेले होते. स्थळ सुरू झाले ते २००८ मध्ये. म्हणजे २००१ च्या ज्या नियमाने जुन्या धारकांना अभय दिले, त्याचा लाभ तो नियम झाला तेव्हा जन्मालाही न आलेल्या उद्योगाला मिळाला. त्या स्थळावर चांगले लेखन पुष्कळ आहे, मीही ते वापरतो. पण त्यावर लेख ठेवण्यासाठी कोणत्याही परीक्षकाच्या नजरेखालून जावे लागत नाही, आणि नावाच्या शेवटी असलेला प्रत्यय मात्र परीक्षा झाल्याचा भास निर्माण करतो. याच अभयामुळे अधिस्वीकृती नसलेल्या काही संस्थांकडेही जुनी नावे राहून गेली आहेत.

मग जुन्या सनदा तपासून अपात्रांची नावे काढून घ्यावीत काय? येथे घाई करून चालणार नाही. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासल्या तेव्हा काय झाले हे आपण जाणतो. कागद हरवलेले, दफ्तर जळालेले, साक्षीदार निवर्तलेले. आणि पुराव्याचा भार धारकावर. ज्यांचा हक्क खरा होता तेही त्यात भरडले गेले. एखाद्या संस्थेचे नाव काढून घेतले तर त्या नावाने उद्धृत झालेले हजारो संदर्भ एका दिवसात निराधार होतील, आणि तो तोटा संस्थेपेक्षा वाचकाचा अधिक. म्हणून जुने नाव राहू द्यावे, या मताकडे माझा कल आहे. मात्र ज्या कामासाठी नाव घेतले ते काम राहिले नाही, किंवा धारकच बदलला, तर त्या वेळी पात्रतेचा विचार नव्याने व्हावयास हवा. मिरास वंशाला होती. येथे ती कार्याला असावी.

निर्बंधच नकोत, हव्या त्याने हवा तो प्रत्यय घ्यावा, असे म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. पदव्या विकणाऱ्या दुकानांना भारदस्त नावाची गरज इतर कोणाहीपेक्षा अधिक असते. आपल्याकडे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे तेविसावे कलम याच कारणाने आहे: कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला आपल्या नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द वापरता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आयोगाने अभिमत विद्यापीठांनाही तो शब्द नावातून काढावयास सांगितले. विद्यार्थी आणि पालक नावाला भुलतात हा अनुभव असल्यामुळे शब्दाभोवती कुंपण घालावे लागते. प्रश्न कुंपणाच्या असण्याचा नाही. कुंपणाचे दार कोणत्या कसोटीवर उघडते, हा आहे.

ही कसोटी आज जवळजवळ सर्वत्र मान्यता हीच आहे. तीत सोय आहे: नाव देणाऱ्या कार्यालयाला स्वतः परीक्षा करावी लागत नाही, दुसऱ्याचा कागद पाहिला की काम होते. पण मान्यता आणि विद्या या दोन गोष्टी नेहमी एकत्र चालतातच असे नाही, आणि हे महाराष्ट्राला कोणी शिकवावे लागू नये. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. सरकारी कायद्याचा आधार नव्हता. त्या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. मधली पस्तीस वर्षे तेथे मुली शिकल्या, पदवीधर झाल्या, शिक्षिका झाल्या. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ मध्ये निघाले ते तर सरकारी मान्यतेला नकार देण्याच्या भूमिकेतूनच. शासनाने त्याला अभिमत विद्यापीठ मानले १९८७ मध्ये. आजची कसोटी त्या काळी लावली असती तर या दोन्ही संस्था 'शैक्षणिक' ठरल्या नसत्या. दाराबाहेर राहिलेली प्रत्येक संस्था कर्व्यांचीच असते, असा याचा अर्थ नव्हे. पण मान्यतेचा कागद उशिरा येतो, आणि नव्या प्रकारच्या शिक्षणाला तो सर्वांत उशिरा येतो.

आपल्या देशातील व्यवस्थेकडे आता वळतो. डॉट इन या भारतीय वर्गाची सूत्रे आरंभीच्या काळात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम कडक होते आणि नावे मोजकीच दिली जात. २००५ पासून डॉट इन सर्वांना खुले झाले. 'एसी डॉट इन', 'ईडीयू डॉट इन' आणि 'आरईएस डॉट इन' हे तीन वर्ग मात्र राखीव राहिले आणि त्यांची नोंदणी 'अर्नेट इंडिया' या केंद्र शासनाच्या स्वायत्त संस्थेकडे आहे. अर्जासोबत मान्यतेचा, संलग्नतेचा वा नोंदणीचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकन व्यवस्थेपेक्षा हा साचा मला अधिक समंजस वाटतो. एक तर नावातच देश आहे, त्यामुळे कोणाच्या कसोटीने नाव दिले हे वाचणाऱ्याला कळते. दुसरे, अध्यापन आणि संशोधन यांना वेगळे वर्ग आहेत, म्हणजे पदवी न देणारी संस्थाही विद्येचे काम करते हे तत्त्वतः मान्य आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे नाव एसी डॉट इन असे संपते, ते योग्यच आहे.

राखीव वर्गांना देवनागरी रूपही मिळाले आहे. डॉट भारत हा वर्ग २०१४ मध्ये आला आणि त्यात अर्नेटकडून 'विद्या डॉट भारत', 'शोध डॉट भारत' आणि 'शिक्षा डॉट भारत' अशी नावे दिली जातात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण हे खरे. पण हीच देवनागरी मराठीचीही लिपी आहे आणि मराठी शाळेच्या नावापुढे 'शिक्षा' लिहिलेले पाहून गावातील मुले काय म्हणतील, याचा विचार नामकरण करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. गमतीचा भाग सोडला तरी प्रत्यय कोणाच्या भाषेत ठरतो हाही न्यायाचाच एक भाग आहे.

साचा समंजस असला तरी त्याचा भर कागदावर आहे, आणि मराठीच्या बाबतीत तो विशेष अडचणीचा ठरतो. आपल्या भाषेतील संशोधनाचा केवढा तरी भाग विद्यापीठांबाहेर झालेला आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाशिवाय सिद्ध केले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, मराठी संशोधन मंडळ १९४८ चे. यांच्या कपाटांवाचून मराठी विभागांतील किती प्रबंध उभे राहिले असते? श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश तर भागभांडवल उभारून काढलेल्या मर्यादित कंपनीचे काम होते. आजच्या कोष्टकात ते 'व्यापारी' या रकान्यात पडले असते. अकॅडेमियाचे उदाहरण देताना नफ्याचा उल्लेख मी केला खरा, परंतु केतकरांकडे पाहिले म्हणजे नफा हीदेखील पुरेशी कसोटी नव्हे असे कबूल करावे लागते.

ब्रिटनमध्ये 'एसी डॉट यूके' हे नाव देताना विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्याबरोबर विद्वत्सभांचाही पात्र म्हणून स्वतंत्र विचार झालेला आहे. तेथे शतकानुशतके चालत आलेल्या अशा सभांना विद्यापीठाशी संलग्नतेचे पत्र आणण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत हस्तलिखिते सांभाळणाऱ्या मंडळाला मान्यतेचे पत्र कोण देणार? त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काही असेल तर ते त्याचे काम: हस्तलिखितांची सूची, त्रैमासिकाचे सलग अंक, वाचकांच्या नोंदवहीतील सह्या. हे पुरावे मान्यतेच्या कागदाइतकेच, माझ्या मते त्याहून अधिक, बोलके आहेत. ते ग्राह्य धरले जावेत, ते पाहणाऱ्यांत भाषा आणि इतिहास जाणणारा एक तरी अभ्यासक असावा, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळून त्यावर दाद मागता यावी, एवढे मागणे अवाजवी नाही. शुल्क आणि तांत्रिक अटी हाही एक अडसर असतो, पण तो विषय वेगळा आहे.

आणि जे आपल्याच हातात आहे त्याबद्दल अर्नेटकडे किंवा एज्युकॉजकडे बोट दाखविता येणार नाही. संशोधनपद्धतीच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की ईडीयू आणि एसी असलेली स्थळे विश्वसनीय, बाकीची तपासून घ्या. तपासून सर्वच घ्यावयाचे असते. हस्तलिखिताच्या बाबतीत आपण प्रत कोणाकडची, लेखनिक कोण, काल कोणता, पाठभेद कोठे, हे सारे विचारतो. पोथी एखाद्या मोठ्या मठातून आली एवढ्यावर तिचा पाठ शुद्ध मानीत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या नावापुढे मात्र हे प्रश्न आपण विसरतो. त्या मौखिक परीक्षेत विचारावयाचा प्रश्न होता तो असा: या अंकांची छायाचित्रे कोणत्या संचावरून घेतली, गहाळ पाने कोणती, मुखपृष्ठे आहेत काय? उमेदवाराला त्याची उत्तरे येत होती. नंतर चहाच्या वेळी त्याने ती मला सांगितली.

प्रबंध मान्य झाला. परीक्षकांच्या सूचनेनुसार त्या ग्रंथसंग्रहालयाच्या सर्व नोंदी मुख्य सूचीतून काढून 'अन्य साधने' या शीर्षकाखाली टाकण्यात आल्या. विभागाच्या ग्रंथालयातील प्रतीत त्या आजही तेथेच आहेत, आणि लेखकाचे नाव नसलेले ते दोन पानी टिपण मुख्य सूचीत.